गंगाफळाचं ड्रेसिंग

आमच्या घरात अख्ख्या गंगाफळाला बाई सुरी लावत नाही. कुणी लाल भोपळा म्हणतं, कुणी डांगर म्हणतं, आमच्याकडं गंगाफळ. ते म्हणजे घरचा थोरला लेक, असं माझ्या सासूबाई सांगायच्या, आणि लेकाच्या अंगावर कुठली बाई सुरी चालवील? म्हणून पहिली चीर घरातल्या पुरुषानं द्यायची. एकदा ती पडली की उरली नुसती भाजी. मग बायकांनी चिरा, किसा, घाऱ्या तळा, कुणाची ना नाही. घरात पुरुष नसेल तर शेजारच्या पोराला हाक मारायची. तोही नसेल तर फळ उंच धरून फरशीवर आपटायचं. आपोआप फुटलं तर दोष लागत नाही. मग बाजारात भाजीवाली फोड कापून देते ते कसं चालतं, असं मी नवी सून असताना विचारलं होतं. "तिच्या घरच्या माणसानं रानातच चीर देली असंल की," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्याकडं सगळ्याला उत्तर असायचं.

मी स्वतः सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, आणि तोंडाची फटकळ म्हणून साऱ्या तालुक्यात माझं नाव होतं. ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोराचा ओठ फाटला, असं सांगत रडणाऱ्या एका बाईला मी भर वॉर्डात झापलं होतं. ओठ पोटात जुळायचा राहतो बाई, विळीचा त्यात काही हात नाही. उशाखाली चाकू, दाराला लिंबू, कमरेला काळा दोरा, सगळ्यांची मी टिंगल केली. घरी आले की मात्र गंगाफळ पुढ्यात ठेवून नवऱ्याला हाक मारायचे. त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं, आणि सासूबाईंशी भांडायला मला इतर विषय पुष्कळ होते.

गेल्या वर्षी माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली. सहा वर्षांच्या पोरीला घेऊन अमेरिकेहून थेट नांदेडला. जावई नोकरीमुळं तिकडंच राहिला. आधीच्या खेपेला तिचं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्या वेळी मी इथं खुर्चीवर फोन धरून बसले होते आणि ती तिकडं काही बोलत नव्हती, नुसता श्वास ऐकू येत होता. दुसऱ्यांच्या लेकींच्या कपाळावरचा घाम आयुष्यभर पुसला, आणि माझीच्या वेळी माझ्या हातात काय, तर एक तापलेला फोन. म्हणून ह्या वेळी मीच हट्ट धरला होता, की इकडं ये, माझ्या डोळ्यांसमोर राहा.

ती डोळ्यांसमोर आली आणि माझी झोप उडाली. जास्त माहीत असणं काही चांगलं नाही. पायांवर सूज दिसली की इतर आया म्हणतात, चालायचंच, भरले दिवस आहेत. मी अंगठ्यानं दाबून खळगा किती वेळ राहतो ते बघते. ती जिन्यावर जरा थांबली की माझ्या डोळ्यांपुढं आजवर बघितलेले सगळे वाईट दिवस येऊन उभे राहायचे. चांगले दिवस त्याहून किती तरी जास्त होते, पण ते येत नसत. बोलायचे मात्र काही नाही. परिचारिकेनं तोंड पाडलं की नातेवाईक रडायला लागतात, हे अंगात मुरलेलं होतं.

दिवाळी सरली, आकाशकंदील अजून दारात लटकत होता, तेवढ्यात नातीनं विचारलं, "आज्जी, आपला पंपकिन कुठंय?"

हॅलोविन म्हणजे काय ते मला मोबाइलवरून माहीत होतं, पण तिनं नीट समजावून सांगितलं. पंपकिन पोकळ करायचा, त्याला डोळे, नाक, दात कोरायचे, आत दिवा लावून दारात ठेवायचा. भुतं घाबरतात आणि मुलांना गोळ्या मिळतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत तो टिकला पाहिजे. आणि तिकडं तो दरवर्षी डॅडी कट करतात. हे शेवटचं ऐकून मला इतकं बरं वाटलं, की माझं मलाच नवल वाटलं. सासूबाईंचा नियम सातासमुद्रापार कुणी न सांगता पाळला जात होता.

बाजारातली फळं तिला पसंत पडेनात. आपलं गंगाफळ चपटं, हिरवट, खरबरीत. "हा बसलेला आहे," ती एकाला म्हणाली. दुसरा म्हणे आजारी आहे. शेवटी मी नवऱ्याला फोन लावला. तो रेणापूरला शेतावर सोयाबीनच्या राशीसाठी जाऊन बसला होता, आणि मळणीयंत्राच्या पाळीची वाट बघत होता. त्यानं गावातल्या कुणाच्या तरी जीपमधून दोन फळं पाठवली. एक गोल, केशरी, नातीनं बघताक्षणी मिठी मारली असं. दुसरं ओबडधोबड, भाजीसाठी.

"मी येईस्तोवर त्याला हात लावू नका," तो फोनवर म्हणाला. "आलो की एक चीर देतो, मग तुमचं तुम्ही काय करायचं ते करा."

"कधी येणार?"

"मशीन मिळून न्हाई राहिलं ना. आभाळ भरून येऊन राहिलं. रास भिजली तर माती हुईल सगळी. पोरीला म्हणाव, दम धर."

खरं तर थांबणंच शहाणपणाचं होतं. अख्खं गंगाफळ खाटेखाली महिनोन्‌महिने राहतं, पण कापलेलं फळ आमच्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात किती टिकणार? नातीला मी हे पुन्हा पुन्हा सांगितलं. ती ऐकायची, आणि परत त्या फळाशेजारी जाऊन बसायची. पेनानं त्याच्यावर डोळे काढायची, ओल्या फडक्यानं पुसायची, परत काढायची.

एका दुपारी मी लेकीच्या गोळ्या आणायला गेले. मेडिकलवर गर्दी होती, परत येताना ऑटो मिळेना. घरी आले तर हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर बियांचा ढीग, आणि माझी लेक कोपरापर्यंत पिवळे हात घेऊन जमिनीवर मांडी घालून बसलेली. गंगाफळाचं झाकण कापून बाजूला ठेवलं होतं. एक डोळा झाला होता. नात टाळ्या वाजवत होती.

"हे कुणी कापलं?" मी विचारलं. दिसत होतं तरी विचारलं.

"मी. ती किती दिवस वाट बघणार? बाबांचं काही खरं नाही."

"पण पहिली चीर..."

"आई, भाजी आहे ती," ती हसून म्हणाली. "तूच सांगायचीस ना वॉर्डातल्या बायकांना?"

सासूबाई असत्या तर त्यांच्याकडं ह्यावर उत्तर असतं. मी म्हटलं, "ऊठ तिथनं, गार फरशीवर बसू नको," आणि आत जाऊन उगाच सगळे डबे पुसत बसले. आपण इतक्या मूर्ख कशा, म्हणून स्वतःचा राग येत होता, आणि राग आला तरी भीती काही कमी होत नव्हती. थोरला लेक. पोटुशी बाई. सुरी. हे तीन शब्द मी डोक्यातून बाहेर काढायचे आणि ते मागच्या दारानं परत आत यायचे.

संध्याकाळपर्यंत चेहरा तयार झाला. दोन तिरके डोळे, तिकोनी नाक, वाकडं तोंड आणि त्यात तीन दात. खरं सांगायचं तर सुंदर झाला होता. नातीनं आत पणती लावून तो फाटकाशेजारच्या कठड्यावर ठेवला. झाकण आतून भाजलं आणि अंगणभर घाऱ्यांसारखा वास सुटला.

सकाळी दूधवाला फाटकाच्या आत येईना.

"बाई, हे काय करून राहिले हो?" तो रस्त्यावरनंच म्हणाला. "कुणावरून उतरवलंय का?"

"खेळणं आहे लेकराचं. या आत."

"न्हाई, तुम्हीच भांडं घेऊन या. माझ्या घरी बी लेकरं हायत."

नेहमीसारखी असते तर मी त्याला चांगला फैलावर घेतला असता. त्या दिवशी मुकाट्यानं भांडं घेऊन गेले. त्याला जे वाटत होतं तेच मला वाटत होतं, मग त्याला कुठल्या तोंडानं बोलू? आल्यावर मी फळ कठड्यावरून उचलून आत आणलं, म्हटलं उन्हानं खराब होईल. उचलताना बोट नाकात गेलं, आणि आतला गर बुळबुळीत लागला. एका दिवसात.

तिथंच उभी असताना माझ्या मनानं सौदा केला. केला म्हणजे मी ठरवून केला नाही, तो आपोआप झाला, आणि झाल्यावर मला मोडता येईना. हे फळ महिनाअखेरपर्यंत धड राहिलं, तर सगळं धड होईल. कापायचं ते कापून झालं, निदान त्याला मरू द्यायचं नाही. हे मी कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगितलं असतं तर तो रास सोडून धावत आला असता, आणि मग सगळ्यांनाच कळलं असतं की मी भ्याले.

म्हणून मी मला येतं ते केलं. कपाटातून जुना स्टीलचा ट्रे काढला. चिमटा, कापूस, गॉज, स्पिरिट. आधी हात डेटॉलनं धुतले. चमच्यानं आतला मऊ गर खरवडून काढला, पोटॅशच्या जांभळ्या पाण्यानं धुतलं, पंख्याखाली उपडं ठेवून सुकवलं, मग स्पिरिटचा बोळा कडेकडेनं फिरवला. पाठीला फोड आलेल्या माणसाची जखम धुतात त्या क्रमानं, आतून बाहेर, एक बोळा एकदाच. दुपारी फ्रिजचा मधला कप्पा काढून फळ आत ठेवायचं; दूध, इडलीचं पीठ, जावळासाठी आणलेल्या नारळवड्या, सगळं बाहेर. संध्याकाळी नातीसाठी परत बाहेर काढायचं. पणती बंद केली, दिवाळीची सेलवाली माळ आत गुंडाळून ठेवली. जेवणं आटोपली आणि भांडी घासून झाली, की परत एक ड्रेसिंग.

जावळ ज्याचं काढायचं ते बाळ अजून जन्मायचं होतं, आणि नारळवड्या आत्ताच आल्या होत्या, हे वाचून कुणी हसेल. हसू द्या. मी काय काय आणून ठेवलं होतं ते सांगितलं तर अजून हसतील.

नातीला वाटायचं आज्जीला पंपकिन फार आवडला. "आज्जी डॉक्टर आहे पंपकिनची," असं तिनं तिच्या डॅडीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. लेक सोफ्यावरून बघत असायची. पहिले दोन दिवस तिनं थट्टा केली, सिस्टर, पेशंटची तब्येत कशी आहे म्हणून. मग थट्टा बंद झाली. माझ्या ते ध्यानात आलं, पण ती थकली असेल असं मी धरून चालले.

तेवढ्यात एका सकाळी ती म्हणाली, बाळ आज जरा कमी हलतंय. मी तिला डाव्या कुशीवर निजवलं, गूळपाणी दिलं, पोटावर हात ठेवून बसले. मला काही जाणवेना. माझा हात हजारो पोटांवर फिरलेला, आणि त्या दिवशी त्याला काही म्हणजे काही कळेना. आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं आणि ठोके खाड्‌खाड्‌ ऐकू आले, इतके मोठे की बाहेरच्या बाकावर नातीनं मान वर केली. सगळं ठीक होतं. घरी आल्या आल्या मी पदर खोचला आणि आधी फ्रिज उघडला. फळाच्या नाकात पांढरी बुरशी आली होती. मी ती इतकी खरवडली, की नाकाच्या दोन नाकपुड्या झाल्या.

त्याच सुमारास मला एक गोष्ट विचित्र वाटायला लागली. कापलेल्या कडा सुकून सुरकुतायला हव्या होत्या, पण त्या चमकत होत्या. बोट लावलं की तुळतुळीत लागायचं. मी काही तेल लावलं नव्हतं. नातीला विचारलं तर ती म्हणाली, मी नाही. मी दरडावलं. खरं बोल, खोबऱ्याचं तेल लावलंस ना? पोर रडायला लागली. "आज्जी, गॉड प्रॉमिस," म्हणाली. मी सोडून दिलं, पण रागानं. आता घरातल्या घरात करणी व्हायला लागली का, असंही मनात येऊन गेलं. इथपर्यंत माझी मजल गेली होती.

लेकीचा रक्तदाब मी घरीच रोज बघायचे. तो हळूहळू वर सरकत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासण्या चांगल्या आहेत, लघवीत काही नाही, पण हा का चढतोय ते कळत नाही. झोप लागते का, कसली काळजी करते का? लेक म्हणाली, नाही. मी म्हणाले, कसली काळजी, माहेरी आहे ती. दोन दिवस नजरेखाली राहू दे म्हणून त्यांनी तिला दाखल करून घ्यायचं ठरवलं. आम्ही सामान घ्यायला घरी आलो. मी पिशवी भरत असताना हॉलमधून टप्पकन आवाज झाला. फळाचा मधला दात गळून ट्रेमध्ये पडला होता. मी इकडंतिकडं बघितलं, दात उचलला आणि टूथपिक टोचून परत बसवला. मग नातीला शेजारच्या वहिनींकडं सोडलं आणि दोघी दवाखान्यात गेलो.

तिला खाट मिळाली. खिडकीतून रस्ता दिसत होता. सिस्टरनं दाब बघितला आणि काही न बोलता लिहून घेतला. न बोलता लिहून घेणं म्हणजे काय ते मला पक्कं माहीत आहे. सिस्टर गेल्यावर लेकीनं माझा हात धरला. मला वाटलं आता पोटाचं काही सांगेल.

"आई, खरं सांग. गंगाफळ कसंय?"

"कसं असणार? हाय तसं हाय. ठणठणीत."

"त्याचा दात पडला. तू काडी लावलीस. मी दारातून बघितलं."

मी उगाच तिच्या पायांवर पांघरूण ओढलं.

"मी रोज दुपारी त्याला व्हॅसलीन लावत होते," ती म्हणाली. "तू जरा आडवी झालीस की फ्रिज उघडून. तिकडं लावतात, कडा सुकू नयेत म्हणून."

"तू? तू तर म्हणाली होतीस भाजी आहे."

"भाजीच होती. कापल्यावर मी विसरूनसुद्धा गेले होते. मग तुला बघितलं. चिमटा, बोळा, डेटॉलनं हात धुऊन. आई, तू कशालाच भीत नाहीस. मागच्या वेळी माझं बाळ गेलं तेव्हा तू फोनवर रडलीसुद्धा नाहीस. अशी तू त्या फळाला ड्रेसिंग करतेस म्हटल्यावर मी काय समजू? मला वाटलं, तुला काहीतरी ठाऊक आहे. माझ्या रिपोर्टात काहीतरी आहे, आणि तू आणि डॉक्टरांनी मिळून लपवलंय. म्हणून तू त्याला जपतेस. मग मी पण जपायला लागले."

दाब का चढतोय ते डॉक्टरीणबाईंना कळत नव्हतं. मला त्या क्षणी कळलं. लेकीला झोप लागत नव्हती ती माझ्यामुळं. मी ज्याला औषध समजत होते त्यातून मी रोज तिच्यासमोर बसून तिला भीती पाजत होते, एक बोळा एकदाच.

"तुझ्या रिपोर्टात काही नाही," मी म्हणाले. "माझी शपथ."

"तुझी शपथ नको. तू आत्ताच ठणठणीत म्हणालीस."

बरोबर होतं तिचं. मी आयुष्यभर नातेवाइकांना ठणठणीत म्हणत आले होते, आणि ती माझ्याच घरात वाढली होती. तिला माझा खोटा आवाज पाठ होता. बोलून आता काही होण्यासारखं नव्हतं.

"मी तुझ्यासाठी खायला घेऊन येते," असं सांगून मी उठले.

घरी आले ते तडक अंगणात. कढीपत्त्याच्या झाडाशेजारी खुरप्यानं खड्डा केला आणि ते तोंडवाकडं फळ ट्रेसकट नेऊन त्यात ठेवलं. चिमटा तेवढा काढून घेतला. वर माती लोटली. महिना अजून संपला नव्हता, आणि सौदा मी स्वतःच्या हातानं मोडत होते. शेजारच्या वहिनींकडून नातीला घेऊन आले. तिला म्हटलं, तुझा पंपकिन म्हातारा झाला होता, आपण दुसरा करू. खाटेखालचं ओबडधोबड फळ ओढून बाहेर काढलं.

"हा बसलेला आहे," ती म्हणाली.

"बसलेला तर बसलेला. तुझ्या आज्जीसारखा आहे."

नवऱ्याचा फोन आला होता. रास झाली, तो बसमध्ये बसला होता, दिवेलागणीपर्यंत येणार होता. शेजारी वहिनींचा लेक घरीच होता, हाक मारली असती तर एका मिनिटात आला असता. फरशीवर आपटायचाही मार्ग होता. सासूबाईंनी पळवाटा पुष्कळ ठेवल्या होत्या, आणि त्या वेळी मला सगळ्या एकदम आठवल्या. मी नातीच्या हातात मोबाइल दिला.

"व्हिडिओ काढ. माझे हात दिसू दे, आणि सुरी."

"कशाला?"

"तुझ्या मम्मीला दाखवायला."

मग मी पदर खोचला आणि पहिली चीर दिली. तान्ह्या लेकराला इंजेक्शन देताना धरायचे तसा श्वास धरून ठेवला. साल इतकी जाड, की सुरी अर्ध्यात अडकली, वर तळहातानं ठोकावी लागली. झाकण निघालं. आतून गर्द केशरी रंग आणि ओला, गोडसर वास आला. काही झालं नाही. काही होणारच नव्हतं, हे मला ठाऊक होतं, तरी मी खिडकीतून एकदा बाहेर बघून घेतलं.

गर सगळा खरवडून घेतला. पोरीच्या सांगण्यावरून टरफलाला डोळे, नाक, दात कोरले. ती म्हणाली, ह्याला हसरं तोंड कर. मग गर किसून, गूळ घालून शिजवला, कणकेत मळला. दाब चढलेला म्हणून मीठ चिमूटभरही घातलं नाही. घाऱ्या तळून डब्यात भरल्या, पोरीला बरोबर घेतलं आणि ऑटो केला.

पुढं सगळं सुखरूप झालं, हे इथंच सांगून टाकते, कारण मला स्वतःला कुणी टांगून ठेवलेलं आवडत नाही. बाळ दिवस भरल्यावर आलं. त्या बाळंतपणात सांगण्यासारखं काही नाही, आणि चांगल्या बाळंतपणात ते नसतंच. महिनाअखेरीला हसरा पंपकिन कठड्यावर होता, ड्रेसिंगशिवाय, जरासा मऊ पडलेला. त्याच्या शेजारी उभा राहून माझा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, की अहो, माझ्यासाठी थांबायचं तरी होतं.

पण त्या संध्याकाळी आम्हाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. दवाखान्यात लेक भिंतीला टेकून बसली होती. नातीनं तिच्या हातात मोबाइल दिला. तिनं व्हिडिओ पूर्ण बघितला. मग परत मागं नेला आणि एका जागी थांबवला.

"बाबा आले नव्हते?"

"न्हाई."

"शेजारच्या दादाला का नाही बोलावलं?"

"न्हाई बोलावलं. मीच कापलं."

तिनं पडदा माझ्यासमोर धरला. "इथं बघ. तुझा हात थरथरलाय."

सुरी बोथट होती, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. साल जाड होती, हेही आलं होतं. मी डब्याचं झाकण उघडत होते, ते तसंच हातात राहिलं.

"हाव," मी म्हणाले. "भ्याले होते मी. लई भ्याले होते. त्या दिवसापासून भिऊनच राहिले. आणि मागच्या वेळी फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन रडले होते, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. तुझ्या रिपोर्टात काही नाही गं. नुसती तुझी आई भित्री आहे."

नातीनं दोघींच्या मध्ये डोकं घातलं आणि विचारलं, काय झालं म्हणून.

"काही नाही," लेक म्हणाली. तिनं डोळे पुसले, खांदे सैल सोडले, आणि डबा स्वतःकडं ओढून घेतला. "मग बरंय," ती म्हणाली, आणि एक घारी उचलली.